पळायची गिरणी

आमच्या घरात गिरणी बसली आहे ही बातमी खालच्या आळीत पसरली, तेव्हा तिच्यावर विश्वास न ठेवणारी मी एकटीच होते. आणि माझ्या म्हणण्याला किंमत नव्हती, कारण गिरणीचा अर्ज माझ्याच सहीनं गेला होता.

मूळ गोष्ट साधी होती. मला पळायला शिकायचं होतं. चाळिशी उलटलेल्या आणि कॉलेजच्या ग्रंथालयात दिवसभर बसून असणाऱ्या बाईला डॉक्टर जे सांगतात तेच मला सांगितलं गेलं: साखर काठावर आहे, हालचाल वाढवा, जमलं तर हळूहळू पळा. मी घरी येऊन पळण्यावरची पुस्तकं वाचायला घेतली. कोणतंही काम सुरू करण्याआधी त्याविषयी भरपूर वाचून घ्यावं, म्हणजे पुष्कळदा ते काम करावं लागत नाही, असा माझा अनुभव आहे. या वेळी तो खोटा ठरला. माझ्या वाचनाचा सुगावा लोकांना लागला.

समोरच्या घरातला सुजय बँकेत आहे आणि रविवारी पळतो. त्यानं मला कुंपणाच्या दगडी गडग्यावरूनच गाठलं.

"राहीताई, यंत्रबिंत्र घेऊ नका. यंत्रावर पळणं म्हणजे बादलीत पोहणं. बाहेर वारा अंगावर येतो, चढ लागतो, पायाला जमीन कळते. तिथं पट्टाच मागं सरकतो, तुम्ही नुसते पाय उचलायचे."

कॉलेजात हिशेब बघणारी शमिका माझी मैत्रीण. तिचं मत अगदी उलटं. "भाट्याच्या रस्त्यावर श्रावणात पळून बघ. शेवाळावरून सरकलीस की पुढचं पळणं हाडांच्या डॉक्टरांकडे. यंत्राचा पट्टा गुडघ्याला मऊ असतो. वेग एकदा ठरवला की ठरला. आणि दमलीस की बटण दाबायचं, घरीच असतेस. बाहेर दमलीस तर घर तेवढंच लांब."

पुस्तकं दोघांच्याही बाजूनं होती. नवशिक्यानं यंत्रावर सुरुवात करावी, कारण उत्साहाला वेसण राहते. नवशिक्यानं बाहेर सुरुवात करावी, कारण कंटाळा येत नाही. यंत्रावर पळायचंच तर त्याला किंचित चढ द्यावा, म्हणजे बाहेरच्या वाऱ्याची भरपाई होते. वाऱ्याची भरपाई हे शब्द मी बराच वेळ मनात घोळवत राहिले. कशाकशाची भरपाई किंचित चढ देऊन होते, हे त्या पुस्तकानं सांगायला हवं होतं.

खरं कारण मात्र पुस्तकात नव्हतं. आमच्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणायचं. आतल्या माणसानं 'ये' म्हणायचं, आणि ते ऐकून मग पाय बाहेर टाकायचा. माझे वडील, अप्पा, रोज उजाडताना भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला जात. ओटीवरून ते "येतो गं" म्हणत आणि स्वयंपाकघरातून आई "या" म्हणे. तिच्या 'या'ला पुष्कळदा शेपूट असे: येताना कोथिंबीर आणा, येताना पाय धुऊन आत या, कालची वाळू अजून निघाली नाही. अप्पा चालत, पळत कधीच नसत. "पळायचं कशाला? समुद्र कुठं जातोय?" असं ते म्हणत.

माघातल्या एका सकाळी ते "येतो गं" म्हणाले. आई "या" म्हणाली. सुरूच्या बनातल्या बाकावर ते विसाव्याला बसले, ते उठले नाहीत.

तेव्हापासून आईनं तो शब्द टाकला. कॉलेजला निघताना मी "येते" म्हणते. ती "हं" म्हणते आणि माझ्यामागोमाग बेड्यापर्यंत येते. बेडं म्हणजे आमचं बांबूचं फाटक. संध्याकाळी मी परत येते तेव्हा ती त्याला हात लावून उभी असते. मधल्या वेळात ती जेवत असणार, आडवी होत असणार, पण तसा पुरावा मिळालेला नाही. ओटीवर आता वाळू येत नाही. आई तरीही सकाळी ओटी झाडते, आणि सुपलीत काही आलं का ते बघते.

मला तिचा तो 'ये' परत हवा होता. मागून घेतलेला चालला नसता. तिच्या तोंडून आपोआप पडला पाहिजे होता.

"उद्यापासून सकाळी भाट्याला पळायला जाऊ का?" असं मी एकदा विचारून पाहिलं. आईनं कोनाड्यातले अप्पांचे कॅनव्हासचे बूट काढले, फडक्यानं पुसले आणि परत ठेवले. दुसऱ्या दिवशी मी ट्रेडमिल शोधायला लागले.

ती मिळाली खेडच्या एका गृहस्थांकडे. वापरलेली होती, म्हणजे तिच्यावर कपडे वाळत घातलेले होते. टेम्पो पाखाडीच्या वरच्या टोकाला थांबला. आमचं घर खाली, मधे जांभ्या दगडाच्या पायऱ्या, त्यांवर श्रावणातलं हिरवंगार शेवाळ. चार हमाल आले. गडग्यागडग्यावरून सूचना सुरू झाल्या. ज्यांनी आयुष्यात पाटासुद्धा उचलून ठेवला नसेल, ते तोल आणि गुरुत्वमध्य यांवर बोलू लागले. सुजय फक्त मान हलवत होता. त्याचा सल्ला न मानल्याचा परिणाम त्याला डोळ्यांदेखत बघायला मिळणार होता.

हमालांनी यंत्र चौघांच्या खांद्यावर घेतलं आणि ते हळूहळू पाखाडी उतरू लागले. ते घराच्या टप्प्यात आल्यावर आई ओटीवर आली. तिनं ते बघितलं आणि ती आत गेली.

"खांद्यावरून नको," मी धावत वर जाऊन म्हटलं. "हातातून आणा."

"ताई, जड वस्तू खांद्याबिगर येत नाय," पुढचा म्हणाला.

"हातातून आणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता यंत्र खाली घेतलं. उरलेल्या पायऱ्या उतरायला त्यांना जो वेळ लागला त्यात पाऊस येऊन गेला, आळीतले सगळे सल्ले संपले आणि एका हमालाची चप्पल कडेच्या पऱ्ह्याच्या पाण्यातून वाहत गेली. ती मी भरून दिली.

विजेचा जोड ओटीवर होता, म्हणून यंत्र ओटीवर लागलं, तोंड बेड्याकडे करून. त्यावर उभं राहिलं की समोर अंगण, अंगणाच्या टोकाला बेडं, पलीकडे पाखाडी. मी कळ दाबली. पट्टा हलला. घरातला दिवा मावळला. शेजारी मोरूकाकांचा पंखा थांबला. समोरून सुजयच्या बायकोचा मिक्सर करुण आवाज काढून गप्प झाला.

हे रोज होऊ लागलं. माझं पळणं आळीच्या दिनक्रमाचा भाग बनलं. "राही कॉलेजातून आली, वाटण आटपून घ्या," अशा हाका मला ऐकू येत. शेवटी वायरमन सदू म्हणाला, "ताई, तुमच्या वायरीला ह्याचं ओझं झेपत नाय. लोड वाढवून मागा." म्हणून मी विजेच्या ऑफिसात गेले.

टेबलामागचे साहेब सज्जन होते, आणि त्यांचं मराठीवर प्रेम होतं. त्यातूनच पुढचं घडलं.

"यंत्राचं नाव?"

"ट्रेडमिल."

"ट्रेड म्हणजे व्यापार," साहेब लिहिता लिहिता म्हणाले, "मिल म्हणजे गिरणी. व्यापारी गिरणी."

"साहेब, तो ट्रेड वेगळा. पायानं तुडवतो तो. त्याचं स्पेलिंग वेगळं आहे."

"अर्ज मराठीत आहे ना, बाई? मराठीत ट्रेड एकच."

मी ग्रंथपाल आहे. शब्दांच्या व्युत्पत्तीवर मी त्यांच्याशी सविस्तर बोलले. जुन्या काळी कैद्यांना अशा चाकावर चालवत आणि त्यावर धान्यही दळून घेत, हे मी त्यांना माहितीसाठी सांगितलं. ते सांगायला नको होतं.

"म्हणजे दळतात तर," साहेब म्हणाले. माझं तोंड पडलेलं बघून त्यांनी 'व्यापारी' खोडलं आणि 'घरगुती' केलं. घरगुती गिरणी. एवढी मेहेरबानी करून त्यांनी शेजाऱ्यांची ना हरकत आणायला सांगितली.

मी दारोदार गेले. सुजयनं सही करताना विचारलं, "पिठाची, ताई? तुम्ही पळणार होतात ना?" मी समजावून सांगितलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "तरी मी बाहेर पळा म्हणत होतो."

मोरूकाका अप्पांबरोबर वर्षानुवर्षं भाट्याला जात. सकाळी आमच्या बेड्यापाशी थांबून "निघायचं का?" अशी हाक देत. आता ते आमच्या घरापाशी आले की पाखाडीच्या पलीकडच्या कडेनं, छत्री कलती धरून जातात. त्यांनी चष्मा न लावताच सही केली. "मोदकाचं पीठ काढून देशील ना गं? गणपती आलेच. बाजारातल्या पिठाला चिकटपणा नसतो."

मी त्यांनाही समजावलं, पण तोवर त्यांच्या सूनबाई आतून तांदूळ किती भिजवायचे ते विचारत होत्या. घरी येऊन मी हे आईला मजा म्हणून सांगितलं. आई निवडत होती ते ताट तसंच ठेवून म्हणाली, "आपल्याकडे या वर्षी गणपती यायचे ते येतील. मोदक नाहीत. मोदक त्यांना लागायचे."

मी यंत्रावर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्याच दिवशी धोंडूबाई आली. ती बंदरावरून मासळी घेऊन येते, पण श्रावणात आळीतली गिऱ्हाइकं थंड असतात, त्यामुळे तिच्याकडे टोपलीभर वेळ असतो. टोपलीत या वेळी तांदळाचा डबा होता.

"राही गो, गिरण आली म्हनं तुमच्यात. मोदकाचा तांदूळ हाय. बारीक काढ."

"धोंडूबाई, ही दळायची गिरणी नाही. पळायची आहे."

"मंजे?"

मी पट्टा सुरू केला आणि पळून दाखवलं. धोंडूबाई डबा पोटाशी धरून बघत राहिली. एकदा तिनं वाकून खाली पीठ कुठून पडतं तेही पाहिलं.

"थांब थांब. चाललीस कुटं?"

"कुठंच नाही."

"मंग घाई कसली?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ती आईकडे वळली. "वयनी, कवापास्नं पळतेय ही, नि बेडं हाय तिथंच. पोरीला सांगा तरी कुनी."

आई बेड्याकडे बघत होती.

ते बेडं मला पाठ झालं होतं. कितीही पळा, ते तेवढंच लांब. रविवारी मी सकाळी पळायची, आणि मग ते जास्त जाणवायचं. अप्पा फिरून परत येत ती वेळ साधारण तीच. आधी त्यांचा खाकरा ऐकू यायचा, मग बेड्याची कडी, मग आई म्हणायची, "पाय." त्या वेळेला मी यंत्रावर घामाघूम होऊन पळत असे आणि आई पायरीवर सूप घेऊन बसलेली असे. दोघींची तोंडं एकाच दिशेला. आम्ही एकमेकींना काही विचारत नसू. पाखाडीवरून कोणाची चाहूल लागली की माझी लय चुकायची आणि तिचं सूप थांबायचं. मग सुजयचा दूधवाला दिसायचा. बाहेर पळताना माणूस निदान अंतर कापतो. इथं मी रोज मैलच्या मैल त्या बेड्याच्या दिशेनं जात होते आणि बेड्यातून कोणी येत नव्हतं.

अशाच एका रविवारी सवयीनं घोटाळा झाला. बूट घातले, बांधले, आणि यंत्रावर चढून पट्टा सुरू करता करता माझ्या तोंडून गेलं, "येते."

आई सुपातून वर न बघता म्हणाली, "कुठून?"

माघानंतर आमच्या घरात झालेला हा पहिला विनोद. मी इतकी दचकले की कमरेला अडकवलेली यंत्राची सुरक्षेची दोरी खेचली गेली आणि पट्टा जागीच थांबला. अशा वेळी पुढच्या दांडीवर आपटण्याची रीत आहे. ती मी पाळली. आई उठून हळद घेऊन आली. माझ्या कपाळाला लावताना तिचे ओठ दाबलेले होते, आणि ते हसू दाबण्यासाठीच होते, हे मी शपथेवर सांगू शकते. मला वाटलं, आता म्हणेल. पण सोमवारी मी कॉलेजला निघाले तेव्हा परत "हं" आलं.

त्याच आठवड्यात साहेब गिरणी तपासायला आले. घरगुती गिरणीवर अख्ख्या आळीचं दळण चालणार आहे, असं कोणीतरी कळवलं होतं. आईनं त्यांना कोकम सरबत दिलं. साहेबांनी यंत्राला प्रदक्षिणा घातली.

"यात काय दळतात?"

"मी," मी म्हणाले.

"तुम्ही दळता?"

"नाही. मीच दळली जाते."

साहेबांनी मान डोलावली, पण शासकीय समाधान झालं नाही. "चालू करून बघू," असं म्हणून ते स्वतःच यंत्रावर चढले, चपलांसकट. मी सावकाश वेग लावला होता. पण माणूस हलला की काहीतरी धरतो, आणि त्यांनी नेमकं वेगाचं बटण धरलं. पुढचा काही काळ ते विलक्षण चपळाईनं पळाले. आळी गडग्यावर जमली. "हात सोडा, साहेब!" असं सुजय ओरडला, "आणि खांदे सैल!" साहेबांनी सगळंच सोडलं. ते मागं भाताच्या कणगीवर जाऊन अलगद बसले. त्याच क्षणी अख्ख्या आळीची वीज गेली, त्यामुळे चौकशीला साक्षीदार वाढले.

साहेब मोठ्या मनाचे निघाले. उरलेलं सरबत पिऊन त्यांनी शेरा लिहिला आणि मला वाचून दाखवला: 'स्थळपाहणी केली. गिरणी आढळली नाही. एक बाई धावताना आढळल्या.'

माझ्याविषयी कोणी इतकं नेमकं अजून लिहिलेलं नाही.

लोड वाढवून मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्र बंद पडलं. खाऱ्या दमट हवेनं पट्ट्याखालची फळी फुगली होती आणि मोटारीत गंज धरला होता. सदूनं बघितलं आणि कॉलेजच्या प्राध्यापकासारखे हात झटकले. शमिका म्हणाली दुरुस्त कर. सुजय काहीच म्हणाला नाही, ते मला जास्त लागलं. यंत्र ओटीवर तसंच राहिलं. मी त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत असं ठरवलं होतं. माणसाला काही अभिमान असतो.

दोन दिवसांनी कॉलेजातून आले तर पट्ट्यावर अप्पांचा धुतलेला पंचा पसरलेला होता, आणि पंच्यावर तांदूळ. धुऊन निथळलेले, आंबेमोहोराचा वास येणारे, पातळ पसरलेले. वरून पंखा. मोदकाच्या पिठाचे तांदूळ असेच सावलीत वाळवतात.

धोंडूबाई पायरीवरून म्हणाली, "बगा. मी तवाच बोल्लो, गिरणच हाय."

रविवारी मी उजाडता उजाडता उठले. पाऊस थांबला होता. बूट घालून ओटीवर आले तेव्हा पट्टा रिकामा होता. पंचा घडी करून दांडीवर ठेवलेला होता. आई स्वयंपाकघरात होती. चाळिशी उलटलेल्या बाईला स्वतःच्या घरातून भाट्यापर्यंत जायला इतकं धैर्य लागतं, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

"आई," मी म्हटलं, "भाट्याला. येते."

आत भांड्याचा आवाज थांबला. मी उभी राहिले. बाहेर मोरूकाका पाखाडी चढताना दिसले, पलीकडच्या कडेनं.

आई बाहेर आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती, तोंड सुतळीनं बांधलेलं.

"गिरणीत टाक," ती म्हणाली. "मोदकाचं आहे म्हणून सांग. आधी दुसऱ्याचं तांदळाचं दळण होऊ दे, मग आपलं घालायला सांग. गव्हावर घालू देऊ नकोस."

"आई, गिरणी आठाशिवाय उघडत नाही."

"मग उघडेपर्यंत पळ," आई म्हणाली. "आणि येताना घेऊन ये."

मी पिशवी घेतली. काही बोलले असते तर बिघडलं असतं, म्हणून बुटाची नाडी परत बांधली. मग अंगण ओलांडलं आणि बेड्याची कडी काढली. इतके दिवस ज्याच्या दिशेनं पळत होते ते बेडं असं चार ढांगांवर होतं.

मोरूकाका थांबले. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, दळणाच्या पिशवीकडे पाहिलं, आणि पाखाडी ओलांडून अलीकडे आले.

"निघायचं का?" त्यांनी विचारलं.

पिशवी काखेत मारून पळायचं कसं, याबद्दल पुस्तकांत काही नाही. वारा अंगावर येत होता, चढ होता, पायाला दगड कळत होते, सुजयनं सांगितलेलं सगळं होतं. पाखाडीच्या वळणावर दम लागून मी थांबले आणि मागं वळून पाहिलं.

बेड्यापाशी कोणी नव्हतं. आई आत गेली होती.